डोमेन कोणाच्या नावावर?

प्रश्न: दांडिया बाजारात माझं भाजणी-मेतकुटाचं दुकान आहे. वेबसाइट करून देणारा मुलगा भाव बदलायलाही पैसे मागतो, दिवाळीत तर फोनच उचलत नाही. वेबसाइट स्वतः सांभाळणं मला जमेल का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: न जमायला काय झालं, काकू! भाव बदलणं किरकोळ. आधी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते बघा. त्याच्या असेल तर दुकान तुमचं, पाटी त्याची. त्याची बाकी चुकवा (भांडण नंतर) आणि मालक म्हणून तुमचं नाव, तुमचा ईमेल लावून घ्या. डॉट कॉम डोमेन नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं तर ऑथ कोड (हलवण्यासाठी लागणारा गुप्त कोड) मागा. नोंदणीला ६० दिवस उलटलेले हवेत. वेबसाइट वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर) असेल तर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चंच खातं घ्या. ‘एडिटर’वर मजकूर बदलतो, त्या मुलाचं खातं मात्र काढता येत नाही.