प्रवासाची वही : ऊटी की मुन्नार?

प्रश्न : नमस्कार ताई. मी चादर कारखान्यात हिशेबनीस आहे. घरात आम्ही चौघे : मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई. यंदा गड्ड्याची यात्रा उरकली की फेब्रुवारीत सहा-सात दिवस डोंगर आणि जंगल दोन्ही बघायचे ठरवले आहे. मुन्नारजवळचे एराविकुलम राष्ट्रीय उद्यान किंवा ऊटी आणि तिथले मुदुमलाईचे जंगल, असे दोन बेत आहेत. चाळीस हजारांच्या वर जाता येणार नाही. आईचे गुडघे दुखतात. स्वस्त काय पडेल? (एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर आधी कॅलेंडर काढले, मग वही. फेब्रुवारी म्हणताय, तर पहिल्यांदा हे ऐका. एराविकुलम उद्यान दरवर्षी साधारण फेब्रुवारी आणि मार्च असे दोन महिने पर्यटकांना बंद असते. नीलगिरी ताहरांच्या विणीचा तो काळ. (आपल्याकडे बरेच जण नाव ऐकून नीलगाय समजतात. हा डोंगरकड्यावर राहणारा रानबोकड आहे, फक्त दक्षिणेच्या सह्याद्रीत सापडणारा.)

हे मी पैसे घालवून शिकले आहे. बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही दोघे नवरा-बायको आणि नणंद असे तिघे फेब्रुवारीतच मुन्नारला गेलो होतो. कुणाला विचारलेच नाही. आलुवा स्टेशनापासून टॅक्सी केली, दुसऱ्या दिवशी सकाळी राजमलाच्या, म्हणजे याच उद्यानाच्या, फाटकाशी पोचलो तर कुलूप. नणंदेने घरून पिशवीभर लाडू आणले होते, तिथेच रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून ते खाल्ले आणि परत फिरलो. त्या एका सकाळीचा गाडीखर्च वहीत आजही लाल शाईत आहे.

दोन वर्षांनी डिसेंबरात पुन्हा गेलो, तेव्हा मात्र डोळ्यांचे पारणे फिटले. खासगी गाडी वर सोडत नाहीत. तिकीटघरापासून वनखात्याच्या बसने राजमलापर्यंत जायचे आणि तिथून डांबरी रस्त्याने हळूहळू चढत चालायचे. मी दम खायला थांबले तर दोन हातांवर एक मादी चरत होती, तिच्या पायाशी पिल्लू. दातांनी गवत तोडल्याचा कुरकुर आवाज स्पष्ट येत होता. पुढे वळणावर एक जुना नर उभा होता, पाठीवर राखाडी-चंदेरी पट्टा, जणू कुणी खोगीर टाकले आहे. समोर अनामुडी, दक्षिण भारतातले सर्वांत उंच शिखर, २,६९५ मीटर. म्हणून मुन्नारला मी कधीच कमी लेखणार नाही. पण तुमच्या तारखेत जे बघायला इतक्या लांब जायचे, तेच बंद. मग स्वस्त-महाग हा विचार नंतरचा.

आता पैशाचे बोलू. लोक सगळ्यात आधी रेल्वेचे तिकीट ताडून बघतात, आणि तिथेच फसतात. सोलापुरातून जाणारी पुणे–कन्याकुमारी, म्हणजे आपली जुनी जयंती जनता, हीच गाडी तुम्हाला कोइमतूरलाही सोडते आणि आलुव्यालाही. एक ऊटीचे स्टेशन, दुसरे मुन्नारचे. स्लीपरच्या तिकिटात दोन्हींचा फरक माणशी शंभराच्याही आत, कारण अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो. खर्च ठरतो तो गाडीतून उतरल्यावर. आलुव्यापासून मुन्नार एकशे दहा किलोमीटर, त्यातला अर्धा घाट. आम्ही दुसऱ्या खेपेला टॅक्सीला एका बाजूचे ४,२०० रुपये दिले. केरळच्या सरकारी बसने तेच काम माणशी दोन-अडीचशेत होते, पण साडेचार-पाच तास वळणे खावी लागतात. गुडघेदुखीच्या माणसाला घेऊन? विचार करा.

आणि मुन्नार गाव छोटे असले तरी बघायच्या जागा चार दिशांना आहेत. राजमला एकीकडे, मट्टुपेट्टी धरण दुसरीकडे, टॉप स्टेशन तर बत्तीस किलोमीटरवर. दोन दिवस गाडी करावीच लागते. माझ्या वहीप्रमाणे चौघांचा हिशेब असा बसतो : थ्री एसीने जाऊन-येऊन बारा हजार, आलुव्याची टॅक्सी दोन्ही वेळची ८,४००, स्थानिक गाडी दोन दिवस ५,६००, खोली तीन रात्री ६,६००, जेवणखाण सहा हजार, तिकिटे वगैरे दीड हजार. झाले ४०,१००. बसने गेलात तर चौतीस हजारांच्या आसपास येईल. हे मी दिलेले दर आहेत. तुमच्या तारखेचे तिकीट आणि खोली स्वतः बघूनच आकडा पक्का करा.

ऊटीला सोलापूरकरांसाठी एक वेगळी वाट आहे, आणि ती फारसे कुणी सुचवत नाही. आपल्याकडून पंढरपूर–मैसूर गोलगुंबझ एक्सप्रेस जाते. तिने मैसूरला उतरा. मैसूर–ऊटी रस्ता बंदीपूर आणि मुदुमलाईच्या जंगलातूनच जातो, थेप्पकाडूचे हत्ती शिबीर याच रस्त्याला. ऊटीच्या बसमध्ये बसलात की जंगल वाटेतच, त्यासाठी वेगळा हेलपाटा नाही. रात्री नऊ ते सकाळी सहा बंदीपूरचा रस्ता सामान्य वाहनांना बंद असतो, म्हणून मैसूरला एक रात्र काढून सकाळची बस धरा.

ऊटीत बोटॅनिकल गार्डन आणि तळे गावातच, आईंना रिक्षाने नेता येईल. दोड्डबेट्टा शिखर जेमतेम दहा किलोमीटर. मेट्टुपालयमहून ऊटीला चढणारी डोंगरी रेल्वे सगळ्यांना हवी असते आणि तिचे आरक्षण मिळता मिळत नाही. ती नाही मिळाली म्हणून हिरमुसू नका. कुन्नूर ते ऊटी या शेवटच्या १९ किलोमीटरसाठी तिकीट खिडकीवर मिळू शकते, भाडे अगदी किरकोळ आणि तासाभरात प्रवास. हे खरे की दातेरी रुळांवरून मागून ढकलणारे वाफेचे इंजिन फक्त खालच्या टप्प्यात, कुन्नूरपर्यंतच असते; त्यापुढे डिझेल. पण तुमची मुलगी खिडकीतून मान बाहेर काढायची थांबणार नाही, हे मी लिहून देते. १९०८ साली ऊटीपर्यंत पोचलेली ही रेल्वे २००५ पासून जागतिक वारसा आहे.

एक दिवस फक्त गाडी करा, मसिनगुडी आणि थेप्पकाडूसाठी. ऊटीहून कल्लट्टी घाटाने उतरलात तर छत्तीस वळणे, प्रत्येकावर आकडा लिहिलेली पाटी. मुलीला मोजायला लावा. चालक मात्र तिथलाच घ्या. थेप्पकाडूला सकाळी आणि संध्याकाळी हत्तींना खाऊ घालतात ते बघायला आईंना फार चालावे लागत नाही. वनखात्याची सफारीही तिथूनच सुटते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जा. पुढे जंगल वाळते, वणव्याची भीती वाढते, आणि कधी कधी सफारी थांबवतात. निघण्याआधी एक फोन करून खात्री करा. मी केला नव्हता, त्याचे काय झाले ते वर सांगितलेच.

हिशेब : गोलगुंबझने साडेदहा हजार, मैसूर–ऊटी बस दोन्ही वेळची दोन हजार, मैसूरची एक रात्र दीड हजार, ऊटीच्या तीन रात्री सहा हजार, एक दिवसाची गाडी साडेतीन हजार, जेवण सहा हजार, तिकिटे-सफारी अडीच हजार. बत्तीस हजार. वर आठ हजार हाताशी राहतात, आणि आई सोबत असताना ते राहायलाच हवेत.

माझे मत म्हणून स्पष्ट सांगते : यंदा ऊटी–मुदुमलाईच करा.

काही गोष्टी राहू नयेत. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट लागते. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून चालू नका. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडते, त्यामुळे तारीख ठरली की त्या सकाळी बसाच. नीलगिरी जिल्ह्यात एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांना बंदी आहे, दंड होतो. स्टीलच्या दोन बाटल्या घ्या. खासगी गाडीला ई-पास लागतो, सरकारी बसने जाणाऱ्याला नाही.

आणि डबा. कडक भाकरी, शेंगाचटणी, थोडे लोणचे. भाकरी जुन्या सुती पंच्यात गुंडाळून वर कागद बांधला की चार दिवस तशीच कुरकुरीत राहते. गाडीतली दोन जेवणे तिच्यावर निघतात, चौघांचे हजार-बाराशे तरी वाचतात. तुमच्या कारखान्यातल्या दोन चादरीही टाका पिशवीत. ऊटीत फेब्रुवारीची सकाळ आपल्या डिसेंबरापेक्षा पुष्कळ थंड असते आणि स्वस्त लॉजमधले पांघरूण पातळ असते. आईंना कन्नड येत असेल तर फारच उत्तम. मसिनगुडी-गुडलूरकडे ती चालते, आणि भाव करताना मराठी माणसाच्या हिंदीपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

प्रश्न : काकू, मुन्नारच्या डोंगरातली निळी कुरिंजीची झुडपे फुलायची पुढची वेळ कधी? मी आत्तापासून पैसे साठवले तर जमेल का? (एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : जमेल गं, नक्की जमेल. मुन्नारकडची नीलकुरिंजी बारा वर्षांनी एकदा फुलते. २००६ साली फुलली, मग २०१८ साली. त्या वर्षी ऑगस्टात केरळात महापूर आला आणि कितीतरी लोकांचे जाणे राहून गेले. आता २०३०. साधारण जुलै ते ऑक्टोबर. म्हणजे उद्यान बंद असण्याचा प्रश्न नाही, प्रश्न गर्दीचा आणि खोल्यांच्या दराचा. बँकेत महिना पाचशेचे आवर्ती खाते उघड, मुदत फुलण्याच्या आधी संपेल अशी. मैत्रीण सोबत असली आणि बसने गेलात तर एकीला तेवढ्यात होईल. जाणे सप्टेंबरात ठेव, पाऊस जरा ओसरलेला असतो. छत्री नको, रेनकोट घे. राजमलावर वाऱ्याने छत्री उलटते.