बाळाला स्वतःच्या हाताने खाऊ द्यायचंय? मग हे वाच

सहा महिने पूर्ण झाले, बाळ आधाराने ताठ बसतं, मान सावरतं आणि घास तोंडाकडे नेतं, एवढं जमलं की सुरुवात कर. नुसते दात आले म्हणून घाई नको. दूध चालूच ठेव. पहिले काही आठवडे पोटात फारसं जाणारच नाही, त्याची काळजी करू नकोस.

तुकडा आपल्या बोटाएवढा लांब हवा, म्हणजे मुठीबाहेर थोडा उरतो. दोन बोटांत दाबल्यावर सहज चेचला गेला पाहिजे. वाफवलेला लाल भोपळा, रताळं, पिकलेलं केळं उत्तम. उकड्या तांदळाची पेज घट्ट केलीस तर तीही मुठीने खातात. लोहासाठी डाळ, नीट शिजलेलं अंडं, मासळी लवकरच दे. मुडदुशी हा मासा मऊ असतो, पण काटे डोळ्यांनी नव्हे, बोटांनी चाचपून काढ. खारं सुकं मात्र नको. मीठ-साखर टाळ, आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी.

आता सर्वांत महत्त्वाचं. ओकारी काढताना बाळ खोकतं, आवाज करतं, लाल होतं. तेव्हा थांब, त्याला सावरू दे. आवाजच बंद झाला, श्वास अडकला तर मात्र घास अडकलाय. त्यावर काय करायचं ते बालरोगतज्ज्ञांकडून आधीच शिकून घे, सासूबाईंनाही शिकव. अख्खे काजू, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर हाती देऊ नकोस. आणि खाताना बाळाला एकटं सोडू नकोस, दारावर पाव विकणारा पोदेर आला तरी.