प्लग ओला, पण ठिणगी फिकी : जुन्या जावाचे दुखणे

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची १९६८ सालची जावा २५० मोटारसायकल आहे. मळ्यातील पत्र्याच्या खोलीत ती बरीच वर्षे उभी होती. टाकी धुतली, नवी बॅटरी बसवली, मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा साफ केला, तरी गाडी सुरू होत नाही. किक मारून प्लग काढला की तो ओला निघतो आणि ठिणगी बारीक, पिवळसर पडते. नवा कार्बोरेटर घ्यावा काय?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : कार्बोरेटरवर तूर्त एक रुपयाही खर्च करू नये. प्लग ओला निघतो, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे. ते पेटत नाही, हे खरे दुखणे आहे.

या गाडीची ठिणगी ६ व्होल्टच्या बॅटरीवर अवलंबून असते. १२ व्होल्टच्या गाडीत वाटेत एक व्होल्ट गळाला तरी निभावते; येथे मात्र तेवढ्यानेच ठिणगी फिकी पडते. म्हणून बॅटरी नवी आहे यावर समाधान न मानता कॉइलपर्यंत (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या वेटोळ्यापर्यंत) किती व्होल्ट पोहोचतात ते मोजावे. उजव्या बाजूचे कव्हर काढून, इंजिन हाताने फिरवून पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे धातूचे दोन संपर्क) मिटलेल्या स्थितीत आणावेत, चावी लावावी आणि कॉइलला जेथून पुरवठा येतो त्या टोकावर मीटर धरावा. पॉइंट उघडे असताना मोजल्यास प्रवाहच वाहत नसतो, त्यामुळे मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि आपली फसगत होते. अनेक चांगले कारागीरही येथेच चकतात. बॅटरीवर सहा आणि कॉइलवर साडेचार आढळल्यास दोष चावीच्या स्विचमध्ये, फ्यूजच्या पट्टीत किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये आहे.

व्होल्ट बरोबर असतील तर पॉइंटांकडे वळावे. पावसाळ्यातील दमट हवेने त्यांच्या तोंडांवर करडा थर बसतो. बारीक कानशीने तो हलकेच काढून, तोंडे स्वच्छ कोरड्या कागदाने पुसून, पॉइंट पूर्ण उघडले असताना फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) अंतर ०.४ मिलिमीटर ठेवावे. किक मारताना पॉइंटांमध्येच मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर (पॉइंटांवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) बदलावा. तो स्वस्त असतो.

ठिणगी निळी आणि कडक झाली की चावी बंद करावी, पेट्रोलचा कॉक मिटावा, प्लग बाहेर ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि इंजिनात साचलेले पेट्रोल निघून जाईपर्यंत किक मारावी. त्यानंतरच कोरडा प्लग लावावा. ठिणगीची तपासणी उघड्या प्लगछिद्राजवळ कधीही करू नये, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

एवढे करूनही गाडी सुरू झाली नाही, किंवा सुरू होऊन आपोआपच रेस होऊ लागली, तर क्रँकचे सील (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या दोन्ही बाजूंची रबरी कडी) संशयास्पद समजावेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर कडक होते. उजवे सील गेल्यास इंजिन बाहेरची हवा ओढते. डावे गेल्यास गिअरचे ऑइल ओढते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. सील बदलायचेच झाले तर दोन्ही एकाच वेळी बदलावेत.