धनुष्यानं हरणाची शिकार करायला मचाण किती उंच हवं? २५-३० फूट खरंच लागतात का?

नाही लागत. १५ ते १८ फूट पुरे, फार तर २०.

तुमचा ऑफिसातला मित्र ३० फूट सांगतो असं तुम्ही लिहिलंय, ते अगदीच चूक नाही. उंच बसलं की आपण हरणाच्या नजरेत येत नाही आणि कधीकधी आपला वासही त्याच्या डोक्यावरून निघून जातो. पण हरिण जवळ आलं म्हणजे काम झालं असं नसतं. बाण कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो यावर पुढचं सगळं ठरतं, आणि उंची वाढवत नेली की नेमकं तेच बिघडतं. मी अमेरिकेत दक्षिण मिशिगनमध्ये बरेच हंगाम झाडावर बसलेय, म्हणून तिथल्या व्हाईटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणापुरतं बोलते. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असताना हे चालतं का, हेही तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर शेवटी देते.

आधी थोडी भूमिती. मचाणाची उभं राहायची फळी १८ फुटांवर असेल तर उभं राहून ताणलेला बाण जमिनीपासून साधारण २३ फुटांवर येतो. हरणाची छाती तीन फुटांवर धरा. फरक २० फुटांचा. हरिण बुंध्यापासून २० यार्डांवर (यार्ड म्हणजे तीन फूट) असेल तर बाण जेमतेम १८ अंशांत खाली उतरतो. ते ८ यार्डांवर आलं (पायवाटेला लागून बसलात तर येतंच) की हाच कोन ४० अंशांचा होतो. आता फळी ३० फुटांवर न्या. त्याच ८ यार्डांवरच्या हरणाला कोन ५३ अंशांचा, म्हणजे तुम्ही जवळजवळ त्याच्या पाठीवरच बाण सोडताय.

यात बिघडतं काय? बाण गोळीसारखा धक्का देऊन पाडत नाही. पुढचं पातं वस्तऱ्यासारखं धारदार असतं, ते रक्तवाहिन्या कापत जातं आणि रक्तस्रावानं जनावर पडतं. दोन्ही फुप्फुसं भेदली गेली तर हरिण काही सेकंद पळतं आणि कोसळतं. बाजूनं पाहिलं तर ही दोन फुप्फुसं एकामागे एक येतात, एकच बाण दोन्हींतून आरपार जातो. वरून पाहिलं तर तीच शेजारी-शेजारी असतात आणि मध्ये पाठीचा कणा. मग बाण एकाच फुप्फुसात शिरतो आणि तसं हरिण मैलभरही जाऊ शकतं. शिवाय जखम वरच्या अंगाला आणि बाण खालून बाहेर पडलेला नाही, अशा वेळी रक्त छातीच्या पोकळीतच साठतं. जमिनीवर माग काढायला थेंब मिळत नाही.

म्हणून मी अंतराचा नियम उंचीच्या आधी ठरवते. मचाण पायवाटेच्या डोक्यावर बांधायचं नाही, वाटेपासून १५ ते २० यार्ड बाजूला बांधायचं. हरिण पूर्ण आडवं उभं असेल किंवा किंचित पाठमोरं असेल तरच धनुष्य ताणायचं. समोरून तोंड करून आलेलं, नाहीतर थेट झाडाखाली उभं राहिलेलं हरिण कितीही मोठ्या शिंगांचं असो, सोडून द्यायचं. नवख्याला हेच जड जातं.

नेम धरताना अंतर मोजायचं ते जमिनीवरचं, तिरकं नाही. अर्थात १८ फुटांवरून २० यार्डांचं तिरकं अंतर २१ यार्ड भरतं, तेव्हा त्या एका यार्डाचा बाऊ करू नका. चूक होते ती शरीराच्या ठेवणीत. लोक कंबरेतून न वाकता नुसता हात खाली करतात, त्यामुळे ताण बदलतो, डोळा आणि प्रत्यंचा यांची रेघ मोडते आणि बाण वरून जातो. आधी आडवं ताणायचं, मग कंबरेतून वाकायचं. अंगणात सपाट जमिनीवर केलेला सराव इथे अपुरा पडतो; घराच्या मागच्या डेकवरून का होईना, उंचावरून बाण मारून बघा. शिकारीसाठी ७० पौंड ताणाचं धनुष्यही लागत नाही. आजकालच्या कंपाऊंड धनुष्यात पूर्ण ताणल्यावर चाकांमुळे बहुतेक भार उतरतो. मी ४५ पौंडांवर शिकार करते आणि बाण आरपार जातो.

लांबून मारायचा मोह मात्र आवरा. सेकंदाला २८० फूट जाणारा बाण ३५ यार्डांवर पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी घेतो. प्रत्यंचेचा आवाज त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानावर पडतो. दचकलेलं हरिण उडी घेण्यासाठी आधी पायांवर खाली दबतं, आणि बाण पाठीवरून निघून जातो किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच जागी लागतो.

आता लपण्याचं. उंचीपेक्षा जास्त उपयोगी असतो तो तुमच्या पाठीमागचा फांद्यांचा पसारा. एकट्या सरळसोट खोडावर ३० फुटांवर बसलेला माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर उघडा पडतो. ओकच्या दुबेळक्यात, मागे गच्च पानं असताना, १६ फुटांवरही हरणाला पत्ता लागत नाही, हालचाल केली नाही तर. हरणाला लाल-केशरी रंग नीटसा कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. त्यामुळे निळी जीन्स घालून कोणी येतं तेव्हा मला हसू येतं.

वासाला मात्र उंचीचा फारसा इलाज नाही. संध्याकाळी हवा गार होऊन उताराकडे वाहू लागते आणि तुमचा वास सरळ खाली ओघळतो, मग तुम्ही १५ फुटांवर असा की ३० वर. सकाळी ऊन चढलं की उलटं. वारा तुमच्याकडून हरणाच्या वाटेकडे जात असेल तर त्या दिवशी त्या झाडावर बसूच नका, म्हणून दोन वेगळ्या दिशांची दोन झाडं हेरून ठेवलेली बरी. आणि आपल्या घरांपुरती एक खास सूचना: शिकारीचे कपडे स्वयंपाकघराच्या आसपास टांगू नका. लसणाच्या फोडणीचा वास जाकिटात आठवडाभर राहतो. माझे गॅरेजमध्ये झाकणाच्या डब्यात असतात.

उंचीचा दुसरा हिशोब पडण्याचा. जितकं वर जाल तितकं खोड बारीक, जास्त डुलणारं, आणि पडलात तर परिणामही तितके वाईट. पूर्ण अंगाचा हार्नेस तर हवाच, पण तो वर पोचल्यावर अडकवायचा नसतो. सगळ्यात धोक्याचा क्षण शिडीवरून फळीवर पाय टाकतानाचा. त्यासाठी वरपासून जमिनीपर्यंत एक दोर सोडलेला असतो, त्यावर हार्नेसला जोडलेली प्रुसिक गाठ असते, ओढ बसली की आवळणारी. ती वर सरकवत चढायचं, म्हणजे पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत तुम्ही बांधलेले. वर बसल्यावर दोर डोक्याच्या वर आणि आखूड ठेवा. ढिला सोडलात तर पडल्यावर फळीच्या खाली लोंबकळाल, आणि हार्नेसमध्ये नुसतं लोंबकळत राहणं हेही जिवावर बेततं, कारण मांड्यांचे पट्टे आवळून रक्त पायांत साठतं. त्यावर उपाय म्हणून पाय टेकवायला एक पट्टी मिळते, ती खिशात असू द्या. धनुष्य हातात घेऊन कधीही चढू नका. दोरीनं मागाहून ओढून घ्या. वर्षभर झाडावर राहिलेले पट्टे हंगामाआधी हातानं चाचपून बघा, खारी ते कुरतडतात. कुठल्या झाडावर आहात ते घरी सांगून जा. आणि सरकारी जमिनीवर असाल तर मिशिगनमध्ये खोडात स्क्रू घालून पायऱ्या करायला बंदी आहे, सालीत काहीही घुसवता येत नाही.

बाण लागल्यावर लगेच खाली उतरू नका. बाण सापडला तर आधी तो बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस; अर्ध्या तासानं निघा. गडद तांबडं असेल तर यकृत, चार-सहा तास थांबा. हिरवट घाण आणि दुर्गंधी आली तर पोटात लागलाय, मग रात्रभर थांबावं लागतं. मागे लागलात तर आडवं पडलेलं हरिण उठून पळतं आणि हाती लागत नाही. हरिण मिळालं की टॅग करून ७२ तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते. डोक्याची सीडब्ल्यूडीसाठी (हरणांच्या मेंदूचा एक जीवघेणा रोग) तपासणी होईपर्यंत मटण फ्रीजरमध्येच ठेवा. नंतर मात्र काळा मसाला घालून करा, फक्त तेल थोडं जास्त. या मटणाला अंगची चरबी नसतेच.

हे क्रूर नाही का, असं घरचे विचारतील. माझ्या घरी विचारतात अजूनही. मिशिगनमध्ये दरवर्षी ५० हजारांहून जास्त गाड्या हरणांना धडकतात, दक्षिण भागात लांडगे उरलेले नाहीत, आणि धनुष्यांच्या विक्रीवर बसणारा ११ टक्के केंद्रीय कर १९३७च्या कायद्याखाली राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. एवढ्यावर ज्याला पटतं त्याला पटतं. भारतात मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे. तिथे मचाणावर बसायचंच असेल तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी बघायला वनखात्याकडे नाव नोंदवा, ताडोबाला किंवा मेळघाटात.

आता व्हिसा. एच-१बीवर असताना बंदुकीबाबत केंद्रीय कायद्याची बंधनं आहेत, शिकारीचा परवाना असेल तर त्यातून सूट आहे, पण त्यात पडण्याआधी वकिलाशी बोला. धनुष्य त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही, त्यामुळे ती अडचण येत नाही. १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी हंटर सेफ्टीचा कोर्स लागतो. तो आधी करायचा नसेल तर अप्रेंटिस परवाना काढून अनुभवी माणसाबरोबर दोन हंगाम जाता येतं. धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, तर उन्हाळ्यात सराव सुरू करा. आणि मित्राला म्हणावं, त्याचं ते ३० फुटांवरचं मचाण त्यालाच लखलाभ.