पेंटियम एमच्या जुन्या लॅपटॉपवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकू, आणि कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००४ च्या सुमाराचा लॅपटॉप, पेंटियम एम १.६ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क. आत विंडोज एक्सपी आहे, ते सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. तुम्हाला त्यावर मराठीत लिहायचंय, गाणी ऐकायचीत आणि जमलं तर जुने एक-दोन गेम खेळायचेत.

उत्तर आधी सांगतो. अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२-बिट आवृत्ती टाका, पण आत्ता लॅपटॉपमध्ये जी डिस्क आहे तिच्यावर टाकू नका. ती काढून जपून ठेवा आणि दुसरी लावा.

डिस्कबद्दल एवढं ठासून सांगतोय, कारण माझ्या हाती आलेल्या पहिल्या जुन्या लॅपटॉपची अख्खी डिस्क मी उत्साहाच्या भरात पुसून टाकली होती. तिच्या शेवटी एक लपवलेलं छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) होतं. त्यात त्या मॉडेलचं मूळ विंडोज होतं, सगळे ड्रायव्हर होते. पुढे एका जुन्या गेमसाठी एक्सपी परत टाकायला गेलो तर साउंडचा ड्रायव्हर कुठेच मिळेना. बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलचं पान केव्हाच काढून टाकलेलं. लिनक्स आज टाका नाहीतर पुढच्या वर्षी टाका, ते मिळणारच आहे. त्या डिस्कवरचं मात्र एकदा गेलं की गेलं. वीस वर्षांपूर्वीची कुणाची पत्रं, फोटोही तिच्यावर असू शकतात.

तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक अडीच इंची, ४४ पिनांची आयडीई (जुन्या जोडणीची) डिस्क असेल. तशी नवी हार्ड डिस्क आता बनत नाही आणि वापरलेली घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी एमसॅटा एसएसडी (फिरता भाग नसलेली छोटी डिस्क) आणि ती ४४ पिनांना जोडणारा अडॅप्टर घ्या. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाचाही अडॅप्टर मिळतो, पण काही स्वस्त अडॅप्टरांत डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा नेण्याच्या सोयीच्या) तारा जोडलेल्याच नसतात, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होताना चुकांची माळ लागते. शिवाय पुष्कळ कार्डं स्वतःला काढता येणारी डिस्क म्हणवतात. लिनक्सला त्याचं काही नाही, एक्सपी मात्र अशा कार्डावर बसायला कुरकुर करतं. आकार १२८ जीबीपेक्षा लहानच घ्या. त्या काळच्या बऱ्याच बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामला) १३७ जीबीच्या पलीकडचं दिसत नाही, आणि तुम्हाला ३२ जीबीसुद्धा पुरून उरेल.

जुनी डिस्क काढल्यावर लगेच यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून घ्या. तिच्यावरचं एक्सपी सुरू करून फाइली ओढत बसू नका. डिस्क आजारी असेल तर तिला जितकं कमी फिरवाल तितकं बरं, आणि डीडीरेस्क्यू चांगला भाग आधी वाचून घेतं, खराब भागाशी झटापट शेवटी करतं.

आता अँटीएक्सच का. पेंटियम एम हा ३२-बिट प्रोसेसर आहे, त्यामुळे आजची बहुतेक लिनक्स इथेच बाद होतात. उबुंटूची ३२-बिट डेस्कटॉप आवृत्ती १७.१० पासून येत नाही, आर्चने २०१७ मध्ये ३२-बिट सोडलं, आणि डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही. डेबियन १२ मध्ये दोन्ही आहेत आणि तिची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. अँटीएक्स २३ डेबियन १२ वरच बेतलेली आहे, म्हणजे तिची बहुतेक पॅकेजं (टाकायचे प्रोग्राम) तिथूनच येतात.

दुसरी गोम पीएईची, म्हणजे ३२-बिट प्रोसेसरला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू देणाऱ्या सोयीची. ४०० मेगाहर्ट्झ बस (प्रोसेसरला बाकी यंत्राशी जोडणारा मार्ग) असलेल्या पेंटियम एममध्ये पीएई प्रत्यक्षात असतं, पण प्रोसेसर ते असल्याचं सांगत नाही. पीएई मागणारं कर्नल मग सुरूच होत नाही, आणि माणूस समजतो की लॅपटॉप मेला. बूट होताना कर्नलच्या ओळीत ‘फोर्सपीएई’ (forcepae) लिहून ते बळेच चालवता येतं, तरी ३२-बिट अँटीएक्सचं कर्नल पीएई मागतच नाही, त्यामुळे तुम्हाला या भानगडीत पडायची गरज नाही. एरवी कुठल्याही जुन्या यंत्रावर लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न टाकता पेन ड्राइव्ह किंवा सीडीवरून चालणारं) सुरू करून एलएससीपीयू (lscpu) ही आज्ञा द्या आणि फ्लॅगच्या (प्रोसेसरच्या क्षमतांच्या) यादीत ‘पीएई’ (pae), ‘एसएसई२’ (sse2) आणि ‘एलएम’ (lm) शोधा. ‘एलएम’ दिसलं तर प्रोसेसर ६४-बिट आहे, आणि मग निवडायला भरपूर आहे. ‘एसएसई२’ नसेल, जसं पेंटियम ३ मध्ये नसतं, तर आधुनिक ब्राउझरचा विचारच सोडावा लागतो.

ब्राउझरचं स्पष्टच सांगतो, कारण निराशा तिथेच होते. तुमच्या प्रोसेसरमध्ये एसएसई३ हा सूचनासंच नाही आणि क्रोमला २०२१ पासून ते लागतं. ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची १४४ ही शेवटची आवृत्ती ठरली. म्हणजे या लॅपटॉपवर बँकेचं काम किंवा व्हिडिओ नको. डिलो किंवा नेटसर्फ या हलक्या ब्राउझरने साधी पानं वाचता येतील, तेवढंच. लिहिणं आणि गाणी मात्र हा लॅपटॉप उत्तम करेल. त्या काळच्या कित्येक लॅपटॉपांचा कीबोर्ड आजच्या पातळ कीबोर्डांपेक्षा लिहायला फार चांगला असतो, आणि माझ्या मते तो लॅपटॉप जिवंत ठेवायला एवढं कारण पुरेसं आहे.

हायकू हीसुद्धा एक सुंदर सिस्टीम आहे, ३२-बिटमध्ये मिळते. हौस म्हणून लाइव्ह चालवून बघा. पण रोजच्या मराठी लिखाणासाठी तुमचं पहिलं पाऊल लिनक्सच असू द्या.

टाकायला बसण्याआधी लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाची बटण बॅटरी बदला. ती संपलेली असली की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं अमान्य ठरतात. पॅकेजं उतरत नाहीत आणि दोष इंटरनेटला दिला जातो. मुख्य बॅटरी फुगलेली वाटली तर ती काढून लॅपटॉप थेट चार्जरवर चालवा. पंख्यातली धूळ काढा. रॅम १ जीबी करता आली तर नक्की करा, सगळ्यात जास्त फरक त्याने पडतो. त्यानंतर मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी होऊ द्या, नाहीतर खराब रॅमपायी इन्स्टॉलेशन अर्ध्यात अडकतं आणि खापर सिस्टीमवर फुटतं.

पेन ड्राइव्हवरून बूट होतं का ते बायोसमध्ये बघा. त्या वयाच्या लॅपटॉपांत काहींना जमतं, काहींना नाही. अँटीएक्सची पूर्ण आवृत्ती ७०० एमबीच्या सीडीत मावत नाही, आणि इतकी वर्षं पडून राहिलेल्या सीडी ड्राइव्हवर माझा फारसा विश्वासही नाही. अशा वेळी प्लॉप बूट मॅनेजर कामाला येतो. त्याची इवलीशी सीडी टाकली की तो स्वतःच्या ड्रायव्हरने पेन ड्राइव्ह ओळखतो आणि पुढचं बूट तिथून होतं. सीडी इतकी लहान असते की थकलेला ड्राइव्हही ती बहुधा वाचून काढतो.

लाइव्ह सिस्टीम सुरू झाली की लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. अर्धा तास तशीच वापरा. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, हे सगळं आत्ताच कळतं. पडदा काळाच राहिला तर बूट मेनूतला सुरक्षित व्हिडिओचा पर्याय घ्या. वायफाय रुसलं तर केबल लावा. फार जुन्या कार्डांना डब्ल्यूपीए२ ही वायफायची सुरक्षा पद्धत येतच नाही, तिथे झगडून उपयोग नसतो. लाइव्हमध्ये वापरकर्ता ‘डेमो’ (demo) आणि पासवर्डही ‘डेमो’ असतो, तर रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) पासवर्ड ‘रूट’ (root).

इन्स्टॉल करताना एकच ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल पद्धत) पार्टिशन आणि १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) पुरे. ग्रब (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) डिस्कच्या एमबीआरमध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीच्या भागात, टाका. सुरुवातीला येणारा आइसडब्ल्यूएम डेस्कटॉपच राहू द्या. माझ्याकडच्या अशाच यंत्रावर तो सुरू झाल्यावर दीड-दोनशे एमबी रॅम घेतो, म्हणजे तुमच्या ५१२ मध्येही श्वास घ्यायला जागा उरते. मग लोहित देवनागरी फॉन्ट टाका आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही मराठी मांडणी जोडा. लिहायला लिबरऑफिसऐवजी अ‍ॅबीवर्ड किंवा साधा टेक्स्ट एडिटर घ्या. लिबरऑफिस चालेल, पण उघडेपर्यंत सुचलेलं वाक्य विसरायला होतं.

राहिले गेम. डॉसचे असतील तर डॉसबॉक्स अँटीएक्समध्येच टाका. एक्सपीच्या काळातले असतील तर जुनी डिस्क परत लावा. पुष्कळ लॅपटॉपांत एक-दोन स्क्रू काढले की ती बाजूने सरकते, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त तेव्हा नेटची केबल आणि वायफाय दोन्ही बंद ठेवा. एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं. एरवी ती डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत ठेवा, आणि पिशवीवर मॉडेल नंबर, डिस्क काढल्याची तारीख आणि तिची प्रतिमा कुठे ठेवली आहे ते लिहून ठेवा.