सर्व्हिसच्या हातात फायरवॉल देऊ नको, यादीच्या हातात दे

भावा, तुझा प्रश्न असा की निपाणीच्या गोडाऊनचं स्टॉक सॉफ्टवेअर पायथनमध्ये आहे, सर्व्हिस चालू होताना ते स्वतःच आयपीटेबल्सची (लिनक्सच्या फायरवॉलचे रूल लावायचं टूल) कमांड मारून 8080 पोर्ट उघडतंय आणि बंद होताना रूल काढतंय, तरीपण सर्व्हिस बंद केल्यावर रूल यादीत तसाच दिसतोय, मग हे कोडमध्ये नीट कसं बसवायचं.

आधी असं का होतंय ते बघ. मायनस ए म्हणजे अपेंड, ते तोच रूल आधी आहे का हे बघतच नाही, सरळ आणखी एक ओळ खाली जोडतं. मायनस डी मात्र एका वेळी जुळणारी पहिली एकच ओळ काढतं. सर्व्हिस क्रॅश झाली की तुझा काढायचा कोड चालतच नाही, सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) तिला परत उठवतं, परत एक ओळ. आणि मध्येच कुणी आयपीटेबल्स-सेव्हनं चालू यादी फाईलमध्ये उतरवून ठेवली की लाईट जाऊन आल्यावर हीच डुप्लिकेट परत हजर. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या सर्व्हरवर मी अशी यादी बघितलीय, एकाच पोर्टची तीच ओळ एकाखाली एक, आणि मधेमधे बाकीचे रूल असे की कुणाचे, कशासाठी, ऑफिसात कुणालाच माहीत नाही म्हणून कुणी हात लावत नव्हतं.

आता तू म्हणशील, मायनस सी (मोठा सी) नं रूल आहे का आधी चेक करतो. कर, डुप्लिकेट थांबतील. पण खरा धोका वेगळाच आहे: फायरवॉल बदलायला रूट किंवा नेट अॅडमिनची परवानगी लागते, आणि ती तू बाहेरून रिक्वेस्ट घेणाऱ्या प्रोग्रामला दिलीयस. त्यात एखादं भोक सापडलं की आत आलेला माणूस पाहिजे ते पोर्ट उघडून बसेल. म्हणून सर्व्हिसनं फायरवॉलला हातच लावायचा नाही, हे माझं ठाम मत आहे.

त्याऐवजी एक वायएएमएल फाईल (साध्या मजकुरात लिहिलेली यादी) कर. प्रत्येक नोंदीत सर्व्हिसचं नाव, पोर्ट, टीसीपी की यूडीपी, कुठल्या पत्त्यांना परवानगी, कुणी मागितलं, कधीपर्यंत. शेवटचे दोन रकाने लोक हमखास गाळतात, तू गाळू नको, सहा महिन्यांनी तेच कामाला येतात. फाईल गिटमध्ये ठेव, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते. पायथनची एक वेगळी छोटी स्क्रिप्ट ती वाचणार आणि एनएफटेबल्सचं (आयपीटेबल्सच्या जागी आलेलं नवं टूल) अख्खं टेबल नव्यानं लिहिणार. काल काय होतं आणि आज काय बदललं याचा हिशोब करत बसू नको, दरवेळी पूर्ण टेबल. एनएफटी कमांडनं फाईलमधनं लोड केलं की सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं, एक ओळ चुकली तर काहीच लागू होत नाही, जुनं चालू राहतं. त्याआधी एनएफटीच्या मायनस सी (इथं लहान सी) नं लागू न करता नुसतं तपासून घेता येतं, ते स्क्रिप्टमध्येच घाल. स्क्रिप्टनं अडवायचं पण काम करावं: 80 आणि 443 सोडून कुठलंही पोर्ट अख्ख्या जगाला उघडं मागितलं की एरर देऊन थांबायचं.

टेबल आयनेट फॅमिलीचं ठेव, म्हणजे आयपी व्ही4 आणि व्ही6 दोन्ही एकाच जागी येतात. व्ही6 चं आयसीएमपी सरसकट बंद करू नको, शेजारची मशीन शोधायचं काम त्यावरच चालतं.

लागू करताना स्वतः बाहेर राहायची भीती असते, विशेषतः सर्व्हर खानापूरला आणि तू बेळगावात असलास तर. म्हणून चालू रूलसेट आधी फाईलमध्ये काढून ठेव, सिस्टमडी-रन नं दोन मिनिटांनी तोच परत लोड करणारा टायमर लाव (त्या फाईलच्या वरच फ्लश रूलसेट, म्हणजे आधीचे रूल पुसायची ओळ घाल, नाहीतर जुन्यात नवं मिसळेल), मग नवं लागू कर, आणि नवीन एसएसएच (लांबून सर्व्हरवर लॉगिन) कनेक्शन करून बघ. उघड्या टर्मिनलवर विश्वास ठेवू नको, ते जुनं कनेक्शन एस्टॅब्लिश्ड रूलमुळं (आधी जोडलेल्यांना चालू ठेवणारा रूल) चालूच राहतं आणि सगळं बरोबर आहे असं वाटतं. नवीन लॉगिन झालं की टायमर रद्द.

ब्रँचच्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो हे तू लिहिलंयस. रूलमध्ये होस्टनेम टाकून भागणार नाही, ते लोड करतानाच एकदा पत्त्यात बदललं जातं, नंतर कुणी परत बघत नाही. ब्रँचला वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरनं जाणारा खासगी बोगदा) दे. 2020 पासून ते लिनक्स कर्नलमध्येच आहे, बाहेर फक्त यूडीपी 51820 उघडं, 8080 फक्त वायरगार्डच्या इंटरफेसवरून. ज्याच्याकडं की (किल्ली) नाही त्याला ते उत्तरच देत नाही.

यूएफडब्ल्यू (उबंटूचं सोपं फायरवॉल टूल) चालू असेल तर बंद कर, कारण एनएफटेबल्समध्ये आपल्या टेबलानं अॅक्सेप्ट केलं तरी दुसऱ्याची चेन (रूलची साखळी) तेच पॅकेट ड्रॉप करू शकते.

आणि डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं टूल) आहे का ते लिहिलं नाहीस. असेल तर रोजच्या फाईलच्या वर फ्लश रूलसेट अजिबात नको, डॉकरचे रूलपण पुसले जातात आणि कंटेनरचं नेटवर्क जातं. फक्त आपलं टेबल काढून परत घाल (आधी अॅड, मग डिलीट, मग व्याख्या, म्हणजे पहिल्यांदा चालवतानापण एरर येत नाही). वरच्या टायमरच्या फाईलीतपण मग फक्त आपलंच टेबल ठेव. शिवाय डॉकरनं पब्लिश केलेलं पोर्ट फॉरवर्ड चेनमधनं जातं, तुझ्या इनपुट चेनला ते दिसतच नाही, म्हणून पब्लिश करताना 127.0.0.1 वर बांध किंवा डॉकर-यूजर चेनमध्ये अडव. मग मोबाईलचा हॉटस्पॉट घेऊन बाहेरून एनमॅप (उघडी पोर्टं शोधायचं टूल) मार, व्ही4 वर एकदा आणि व्ही6 वर एकदा, आणि काय दिसतंय ते इथं टाक की.