ब्युनोस आयर्समध्ये पायी फिरायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको नाशिकचे, दोघंही साठीच्या पुढचे. मुलगा साओ पाउलोला नोकरीला आहे, दिवाळीनंतर त्याच्याकडे चाललोय, तिथून तीन-चार दिवस ब्युनोस आयर्सला जाऊन यायचं म्हणतोय. एजंटने दिलेल्या प्लॅनमध्ये एकाच दिवसात सात ठिकाणं आहेत आणि ह्यांचे गुडघे दुखतात. नेमकं काय बघावं?

तो प्लॅन आधी त्याला परत करा बघू. एका दिवसात सात ठिकाणं म्हणजे बसमधून उतरा, फोटो काढा, परत चढा, शहर काही दिसत नाही त्यात. ब्युनोस आयर्सचे अधिकृत 48 भाग आहेत, तिकडे त्यांना बारिओ म्हणतात, आणि माझं ऐकाल तर तुम्ही त्यातले दोनच नीट बघा, दक्षिणेचा सान तेल्मो आणि उत्तरेचा रेकोलेता, तेही याच क्रमाने.

क्रम का महत्त्वाचा ते सांगते. शहरातली बडी घराणी आधी दक्षिणेकडे सान तेल्मोच्या बाजूला राहायची. 1871 मध्ये पिवळ्या तापाची भयंकर साथ आली, हजारो माणसं गेली, मग ज्यांना परवडलं ते सगळे घरं सोडून उत्तरेला रेकोलेताकडे सरकले आणि मागे उरलेल्या त्या मोठाल्या वाड्यांमध्ये इटली-स्पेनहून बोटीने आलेली माणसं भाड्याने राहायला लागली. खोलीगणिक एक कुटुंब, मधे चौक, नळ न् संडास सगळ्यांचा मिळून एकच, गिरगावातल्या माणसाला हे काही वेगळं समजावून सांगायला नको. म्हणजे गरीब दक्षिण न् श्रीमंत उत्तर ही फूट त्या साथीने रुंदावली आणि आजही चालताना कळते.

सान तेल्मोला रविवारी जा, त्या दिवशी देफेन्सा रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. सकाळी दहाच्या आसपास पोचा, दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते. सोड्याच्या रंगीत काचेच्या बाटल्या, चांदीचे चमचे, जुने टेलिफोन, कुणाच्या तरी आजोबांचे फोटो, सगळं मांडलेलं असतं. मधल्या दोर्रेगो चौकात टँगो नाचणारी जोडपी असतात, थांबून बघितलंत तर टोपीत थोडे पैसे टाका. रस्ता मात्र दगडी आणि उंचसखल, तेव्हा ह्यांना चपला घालू देऊ नका, बूटच घाला म्हणावं. दमलात तर 1897 चं झाकलेलं मार्केट तिथेच आहे, आत बसायला जागा आणि कॉफी दोन्ही मिळतं.

दुसऱ्या दिवशी रेकोलेता. तिथली दफनभूमी म्हणजे संगमरवरी घरांची गल्ल्यागल्ल्यांची वस्तीच वाटते. अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांची लोकप्रिय बायको एविता पेरोन तिथे आहे, पण माहेरच्या दुआर्ते घराण्याच्या साध्या काळ्या थडग्यात, गर्दीकडे बघूनच ते सापडतं. ती 1952 ला गेली, 1955 च्या लष्करी बंडानंतर तिचा देह पळवून पुढे इटलीत दुसऱ्याच नावाने पुरला होता, आणि इथे यायला 1976 उजाडलं! त्याच भागात सांता फे रस्त्यावर 1919 च्या नाट्यगृहात पुस्तकांचं दुकान आहे, बाल्कन्या, छतावरची चित्रं सगळं जसंच्या तसं आणि स्टेजवर कॅफे. स्पॅनिश येत नसलं तरी जा.

आणि तुम्ही नोव्हेंबरात जाताय हे उत्तम, तिकडे तेव्हा वसंत असतो, जॅकरांडा म्हणजे आपला नीलमोहर फुललेला असतो.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिथे म्हणे सगळे गोमांसच खातात?

सगळे नाही, पण भरपूर खातात. तुमची सोय पिझ्झाच्या दुकानात होईल. इटालियन लोकांमुळे पिझ्झा चांगला मिळतो, कांदा आणि भरमसाठ चीजचा फुगासेता मागवा आणि सोबत फाइना घ्या, तो चण्याच्या पिठाचा भट्टीत भाजलेला पातळ प्रकार असतो, तिकडचे लोक तो पिझ्झ्यावर ठेवून खातात. फसायची जागा म्हणजे एम्पानाडा, आपल्या करंजीसारखा सारण भरलेला प्रकार. आतलं सारण मक्याचं किंवा पालेभाजीचं असलं तरी बाहेरच्या पारीत बऱ्याचदा गाईची चरबी असते, स्पॅनिशमध्ये तिला ग्रासा म्हणतात, तेवढा एक शब्द पाठ करून ठेवा आणि दुकानात विचारा. पारीत किंवा सारणात अंडंही असू शकतं, तेही विचारा. सकाळच्या चंद्रकोरी बनमध्ये ग्रासावाला आणि लोण्याचा असे दोन प्रकार असतात, पण अंडं नको म्हणताय तर दोन्ही सोडा. आणि रात्री नऊच्या आत जेवायची घाई करू नका, बरीच हॉटेलं तोवर रिकामीच असतात.

प्रश्न : मी पुण्याची, एकटी जातेय. ला बोकाला जाऊ का? कुणी म्हणतं जाच, कुणी म्हणतं अजिबात नको.

दोघंही बरोबर. कामिनितो म्हणजे ला बोकातली ती पत्र्याच्या रंगीबेरंगी घरांची गल्ली, दिवसा जा, गर्दी असताना जा, तासाभरात बघून होते. खरं सांगू, मला तो भाग आता पर्यटकांसाठी मांडलेला सेटच वाटतो, पण बोका ज्युनियर्सचं स्टेडियम शेजारीच आहे, फुटबॉलचं वेड असेल तर तेवढ्यासाठी जा. बाहेरच्या गल्ल्यांमध्ये भटकायचं नाही न् अंधार पडायच्या आत टॅक्सीने परत. मोबाईल फुटपाथच्या कडेला उभं राहून बघत बसू नकोस, मोटारसायकलवरून हिसकावून नेतात. अजून एक जुनी युक्ती, अंगावर मस्टर्डसारखं काहीतरी उडतं आणि लगेच कुणीतरी प्रेमाने पुसायला येतं, तुझं लक्ष डागाकडे असताना दुसरा बॅग घेऊन जातो. डाग तसाच ठेव, चालू लाग.

प्रश्न : मॅपशिवाय पत्ता शोधता येतो का? नेट सारखं जातं.

आरामात. जुन्या शहरात रस्ते काटकोनात आहेत, एका ब्लॉकला 100 नंबर आणि ब्लॉक साधारण 100 मीटरचा. म्हणजे तुम्ही 500 ला असाल आणि जायचं 900 ला तर चार ब्लॉक. रिवादाविया हा मोठा रस्ता मधून आडवा जातो आणि त्याला छेदणारे रस्ते त्याच्यापासून नंबर सुरू करतात, नावही तिथेच बदलतं, उत्तरेची फ्लोरिडा दक्षिणेला पेरू होते. सुरुवातीला डोकं चक्रावतं पण एकदा कळलं की दक्षिण-उत्तर आपोआप लक्षात राहतं. मेट्रो न् बसला सुबे नावाचं कार्ड चालतं. मेट्रोची ए लाईन 1913 ची आहे, दक्षिण अमेरिकेतली पहिली, गरज नसली तरी पेरू स्टेशनला उतरून बघा, जुन्या धाटणीचं ठेवलंय.

प्रश्न : टागोर तिथे राहिले होते म्हणे, ते घर बघता येतं का?

1924 मध्ये पेरू देशाला जाताना ते आजारी पडले आणि लेखिका व्हिक्टोरिया ओकांपोने त्यांची सान इसिद्रोत सोय केली, ते शहराच्या बाहेर नदीकाठी आहे. राहिले ते मिरालरिओ नावाच्या घरात, बघता येतं ते मात्र तिचं स्वतःचं घर, व्हिला ओकांपो. रेतीरो स्टेशनहून लोकल मिळते, बेक्कारला उतरायचं आणि पुढे थोडं चालायचं. रोज उघडं नसतं, जायच्या आधी वार बघून घ्या.